पेशंटचा हात उठायच्या आधी: दोन दुपारच्या प्रशिक्षणाबद्दल

मिरजेतल्या एका ५० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मी इनचार्ज सिस्टर आहे. या कामात मला २६ वर्षं झाली. जूनमध्ये आमच्याकडे ‘पेशंट आक्रमक झाला तर’ या विषयावर प्रशिक्षण झालं. दोन दुपारी, २ ते ६. एका बॅचला २० जण, माणशी ६०० रुपये, आणि ते पैसे हॉस्पिटलने भरले. शिकवायला दोघं होते. एक बाई, ज्यांनी मनोरुग्ण वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, आणि एक सर, जे अंगाची पकड सोडवायला शिकवतात. त्यांची नावं लिहीत नाही, कारण माझं सगळंच म्हणणं कौतुकाचं नाही. शिवाय असं प्रशिक्षण देणारे आता सांगली, कोल्हापूर, पुणे सगळीकडे आहेत. ते बोलवताना काय बघून घ्यावं, हे इतर हॉस्पिटलातल्या माझ्यासारख्या बायकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे याची गरज का पडली ते आधी सांगते. फेब्रुवारीत जत तालुक्यातले एक शेतकरी हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. पन्नाशी उलटलेली. माणूस इतका भिडस्त की पहिल्या दिवशी पाणी मागायलाही संकोचत होते. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला ते उठून बसले. हात थरथरत होते, बनियन घामाने भिजलेलं. सलाईनची नळी त्यांनी दाव्यासारखी मनगटाला गुंडाळली आणि ओढायला लागले. ‘सोडा मला, म्हसरं सुटल्याती,’ असं म्हणत होते. नाईटच्या सिस्टरने नळी सोडवायला हात घातला. त्यांना वाटलं, हातातलं दावं कुणीतरी हिसकावून नेतंय. त्यांनी सलाईनचा स्टँड उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला. मग वॉर्डबॉय, म्हणजे आमचे मामा, धावले, तिघांनी मिळून दाबून धरलं, हात खाटेला बांधले. बांधल्यावर ते आणखी ओरडायला लागले. पहाटेपर्यंत वॉर्डातलं कुणी झोपलं नाही.

सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं. तिने खाली बघत सांगितलं, रोज संध्याकाळी घेतात, वीस वर्षं झाली. ॲडमिट झाल्यापासून थेंब नाही. केसपेपरवर दारूच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं, कारण तो प्रश्न आम्ही त्यांना त्यांच्या सुनेसमोर विचारला होता. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भास सुरू होतात, हे नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण त्या रात्री ते कुणालाच आठवलं नाही. एकदा ‘हा पेशंट मारकुटा आहे’ असं ठरलं की त्याच्या नाडीकडे कुणी बघत नाही. औषधं सुरू झाली आणि तीन दिवसांत ते परत पाणी मागायला संकोचणारे गृहस्थ झाले. घरी जाताना त्यांनी त्याच सिस्टरला हात जोडले. आपण काय केलं ते त्यांना आठवतही नव्हतं. तिचा खांदा पुढे सहा आठवडे दुखत होता.

हीच हकीकत मी प्रशिक्षणाच्या पहिल्या दुपारी सांगितली, कारण बाईंनी आल्या आल्या तेच विचारलं होतं: तुमच्याकडे शेवटचं काय घडलं? पहिल्या तासात त्यांनी एकही स्लाईड लावली नाही. फळ्यावर आमच्याच त्या रात्रीचे तास मांडले. संध्याकाळी ६ ला हात थरथरत होते का? आमच्या आयाबाई, म्हणजे मावशी, म्हणाल्या, हो, चहा सांडला होता, चादर बदलली मी. ९ वाजता? शेजारच्या खाटेवरचे काका तक्रार करत होते की हे सारखे उठतात-बसतात. ११ वाजता ते भिंतीकडे बघून कुणाला तरी हाक मारत होते, हे मामांनी पाहिलं होतं. म्हणजे आठ तास तो माणूस आम्हाला सांगत होता. प्रत्येकाने एकेक तुकडा पाहिला, आणि तो कुणीच कुणाला सांगितला नाही. चादर बदलणाऱ्या मावशींना ‘सिस्टरला सांगा’ असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. मी त्या फळ्याकडे बराच वेळ बघत होते. पैसे त्या एका तासात वसूल झाले, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर बाईंनी सहा खुणांची एक यादी दिली. नॉर्वेतल्या ब्रोसेट इथल्या मनोरुग्ण वॉर्डांतून ही यादी आली आहे आणि बऱ्याच देशांत वापरली जाते. पेशंट गोंधळलेला आहे का, चिडचिड करतोय का, मोठमोठ्याने बोलतोय किंवा दारं आपटतोय का, अंगावर आल्यासारखं करतोय का, शिव्या-धमक्या देतोय का, वस्तूंवर राग काढतोय का. प्रत्येक खुणेला एक गुण. शून्य असेल तर काळजी नाही. एक-दोन असतील तर लक्ष ठेवायचं आणि कारण शोधायचं. तीन किंवा जास्त झाले तर डॉक्टरांना तिथेच बोलवायचं आणि पुढच्या २४ तासांची आखणी करायची. यादी मनोरुग्णांसाठी बनवलेली, आमचा वॉर्ड सर्जरीचा, तेव्हा ती जशीच्या तशी लागू पडणार नाही हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. मला ते आवडलं. पण यादीतला खरा फायदा गुणांचा नाही. ‘तो जरा विचित्र वागतोय’ या वाक्याने ओव्हर घेणाऱ्या, म्हणजे पुढच्या ड्यूटीचा ताबा घेणाऱ्या, सिस्टरला काहीच कळत नाही. ‘संध्याकाळी शून्य होते, आता दोन आहेत, गोंधळ आणि चिडचिड’ म्हटलं की ती थेट त्या खाटेकडे जाते.

आणि कारण शोधायचं म्हणजे काय, हे बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतलं. साखर बघा. ऑक्सिजन बघा. ताप बघा. पोट चाचपून बघा, लघवी तुंबली आहे का. डोक्याला मार लागलेला पेशंट असेल तर डॉक्टरांना उठवा. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरलंय का विचारा. भूल उतरताना गोंधळलाय का. दारू किंवा झोपेची गोळी तुटली आहे का. चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न मला फार भावला. आपण ऑपरेशनच्या आधी चष्मा काढून नातेवाइकांच्या पिशवीत टाकतो, पिशवी घरी जाते, आणि रात्री त्या म्हातारीला अंधुक उजेडात एक पांढरी आकृती सुई घेऊन अंगावर येताना दिसते. तिने हात झटकला तर आपण लिहितो, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’

बोलण्याचा भागही चांगला होता. दोन हातांचं अंतर ठेवायचं. समोरासमोर छाती ताणून उभं राहायचं नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. दार आपल्या पाठीशी मोकळं हवं, पण पेशंटचीही वाट अडवायची नाही. हात दिसतील असे ठेवायचे. एकानेच बोलायचं. आमच्याकडे नेमकं उलटं व्हायचं, पाच जण एकदम ‘झोपा, झोपा’ म्हणून ओरडायचे. ‘शांत व्हा’ हे शब्द तर वापरायचेच नाहीत. त्याऐवजी आधी नाव विचारायचं, मग वयाप्रमाणे दादा, आबा, आक्का म्हणायचं, आणि त्यांना स्वतःला ठरवता येईल असं काहीतरी विचारायचं. इंजेक्शन आत्ता घेऊया की चहा झाल्यावर? पाय खाली सोडून बसता का? ‘घेणार की नाही’ असं विचारलं की माणूस ‘नाही’ म्हणतो. त्याला वेळ ठरवायला दिली की निदान बोलणं सुरू होतं.

दुसऱ्या दुपारी सरांनी पकडी शिकवल्या. मनगट धरलं तर ओढाताण न करता धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला हात फिरवून सोडवायचा. केस धरले तर मागे खेचायचं नाही, त्याचा हात आपल्याच दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे केस उपटले जात नाहीत आणि मदत येईपर्यंत वेळ मिळतो. हे उपयोगाचं आहे. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत, स्टेथोस्कोप गळ्यात नाही, ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी, कात्री वरच्या खिशात नाही. या साध्या गोष्टी आम्हाला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. पण आठ तासांतले अडीच तास पकडींवर गेले, ते जास्त झाले. पन्नाशीच्या मावशींचे गुडघे दुखायला लागले, आणि दोन दुपारीत शिकलेली पकड सहा महिन्यांनी कुणाच्या हाताला आठवेल असं मला वाटत नाही. त्यातला तासभर कापून बोलण्याच्या सरावाला दिला असता तर बरं झालं असतं.

नातेवाइकांचा विषय बाईंनी वेगळा काढला, तो योग्यच. पेशंटचं कारण बहुतेक वेळा शरीरात असतं, नातेवाइकांचं बहुतेक वेळा काही न कळण्यात असतं. आमच्याकडच्या रागाची वेळसुद्धा ठरलेली आहे, दुपारी साडेचार ते सहा. हे मी सांगितलं तेव्हा बाईंनी विचारलं, तेव्हा काय असतं? काय असणार, डिस्चार्ज. डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला ‘आज घरी’ म्हटलेलं असतं. बिलाचे कागद, योजनेची फाईल, औषधांचा हिशोब यात दिवस जातो. आणि जत, आटपाडी, अथणीकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर गावाकडची शेवटची एसटी असते. ती चुकली तर टाक्याच्या पेशंटला घेऊन रात्र कुठे काढायची? तो काउंटरवर हात आपटतो. आम्ही म्हणतो, लोकांना हल्ली दम नाही. प्रशिक्षणानंतर आम्ही फक्त एवढं केलं: डिस्चार्ज ठरल्याबरोबर शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारून फाईलवर पेन्सिलने लिहायचं, आणि लांबच्यांची फाईल आधी काढायची. त्यांना ‘होईल’ असं सांगायचं नाही, ‘तीन वाजता सांगते’ असं सांगायचं, आणि तीन वाजता काही झालेलं नसलं तरी जाऊन तेवढं सांगून यायचं. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, सिस्टर, आता संध्याकाळी माझी छाती धडधडत नाही.

आता उणिवा सांगते. स्लाईड सगळ्या इंग्रजीत होत्या. सिस्टरांचं भागलं, पण मावशी आणि मामा दोन तास नुसते बसून राहिले. शेवटी एका मावशींनी उभं राहून सांगितलं, बाई, तुमच्या तोंडचं कळतंय, भिंतीवरचं कळत नाही. तेव्हा बाईंनी पडदा बंद केला आणि तिथून पुढे वर्ग खरा रंगला. पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ ज्यांचा जातो, त्यांच्यासाठी मराठीतलं एकही पान नव्हतं. सहा खुणांची यादी मी स्वतः मराठीत लिहून, झेरॉक्स काढून प्रत्येक फाईलला लावली. कानडीचा तर विचारच नव्हता. मिरजेच्या वॉर्डात सीमेपलीकडचे पेशंट सदासर्वदा असतात. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून ही वहिवाट आहे. रात्री घाबरलेल्या म्हाताऱ्याला मराठीत कितीही गोड बोललं तरी उपयोग नाही. आमचे एक मामा नुसतं ‘अण्णा, कुंद्री’ म्हणतात, म्हणजे बसा, आणि माणूस बसतो. असे दहा-बारा शब्द शिकवायला पंधरा मिनिटं पुरली असती.

दुसरं, १८ खाटांना एक सिस्टर असेल तर एकाने बोलायचं, एकाने साखर बघायची आणि एकाने डॉक्टरांना फोन करायचा, हे कसं जमणार? मी हे विचारलं. बाई म्हणाल्या, व्यवस्थापनाशी बोला. हे उत्तर खरं आहे, पण मग व्यवस्थापनातला एक माणूस वर्गात बसलाच पाहिजे, अशी अट त्यांनी आधी घालायला हवी होती. आमच्याकडून कुणी बसलं नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यालाही आम्ही बोलावलं नाही, ती चूक आमची.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. मार खाल्लेल्या माणसाचं पुढे काय? यावर आठ तासांत एकच स्लाईड होती. २००९ साली मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते. एका पेशंटने पहाटे माझ्या पोटात लाथ मारली, चष्मा खाली पडून फुटला. त्यालाही भान नव्हतं, माझा त्याच्यावर राग नाही. पण सकाळी वरच्या बाई म्हणाल्या, पेशंटच आहे तो, सोडून द्या. कुणी पोट तपासलं नाही. कुणी घरी जा म्हटलं नाही. मी एका काचेच्या चष्म्याने आठ वाजेपर्यंत इंजेक्शनं भरली, आणि दुसऱ्या रात्री परत त्याच खाटेसमोर ड्यूटी लागली. लाथेचं दुखणं आठवड्यात गेलं. ‘सोडून द्या’ हे शब्द अजून कानात आहेत. बाईंनी वर्गात सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी अंगावर मार बसतो. त्यांनी हात वर करायला सांगितले तेव्हा आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचे हात वर गेले, मावशींचे तर सगळ्यांचे. त्यातल्या एकीचीही नोंद कुठल्या कागदावर नव्हती. या हातांचं पुढे काय करायचं, हे प्रशिक्षणाने सांगायला हवं होतं.

कायद्याचा भाग अर्ध्या तासाचा होता आणि स्पष्ट होता. आपल्या राज्यात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची भरपाई दुप्पट. तरी २०१७ मध्ये धुळ्यात एका तरुण डॉक्टरच्या डोळ्यावर बेतलंच. २०२४ मध्ये कोलकात्यात एका डॉक्टर तरुणीचा हॉस्पिटलातच खून झाला, त्यानंतर केंद्र सरकारने स्वतःच्या हॉस्पिटलांना सांगितलं की हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखाने तक्रार नोंदवायची. मार खाल्लेल्या मुलीने एकटीने पोलिस स्टेशनला जायचं नाही, हा त्यातला मुद्दा मला मोठा वाटतो. पण बाईंनी एक फरक नीट समजावला. शुद्धीवर असलेल्या माणसाने मारलं तर कायदा आहे. ज्याची साखर उतरली आहे त्याला भिंतीवरचा ‘तीन वर्षं कैद’ हा फलक वाचता येत नाही. तिथे आपलं कामच आपल्याला वाचवतं.

ते आषाढी एकादशीच्या रात्री दिसलं. मधुमेहाच्या एक आजी पायाच्या जखमेसाठी दाखल होत्या. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, रात्री काहीच नाही. ‘उपास हाय’ हे त्यांनी फक्त मावशींना सांगितलं होतं. संध्याकाळचं इन्सुलिन मात्र दिलं गेलं होतं. साडेबाराला त्यांनी पाण्याचा पेला फेकला आणि सिस्टरला नको ते बोलल्या. सिस्टर २३ वर्षांची, नोकरीत येऊन वर्षही झालेलं नाही. ती दोन पावलं मागे सरली. मामांना तिने हात धरायला नाही, दिवा लावायला सांगितलं. मावशी तिला म्हणाल्या, सिस्टर, आजी सकाळपासून जेवल्या नाहीत. तिने साखर बघितली: ४६, फारच कमी. डॉक्टरांना फोन, शिरेतून ग्लुकोज. दहा मिनिटांत आजी उठून बसल्या आणि फरशीवरच्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, ‘आगं, कुणी सांडलं हे? पाय घसरंल की तुझा.’ फाईलवर तिने लिहिलं होतं: गोंधळ १, शिवीगाळ १, वस्तूंवर राग १, एकूण ३. त्याखाली साखर आणि वेळ. कुणाला बांधलं नाही, कुणाला लागलं नाही. इन्सुलिन देताना ‘जेवलात का’ विचारायचं राहिलं, ही चूक आमची, आणि ती मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले.

पाचपैकी मी साडेतीन देईन. पहिल्या दुपारला पाच, दुसऱ्या दुपारला दोन. बोलवणार असाल तर आधी तीन गोष्टी ठरवून घ्या. मावशी, मामा, काउंटर आणि गेट यांना घेऊनच बॅच करा. कागद मराठीत मागा. आणि मार बसल्यानंतर काय करायचं यावर निदान तासभर मागा. आम्ही आता एक लाल वही ठेवली आहे. कुणालाही मार बसला, ओरखडा असला तरी त्यात लिहायचं, आरएमओंनी (हॉस्पिटलातल्या निवासी डॉक्टरांनी) तपासून सही करायची, आणि त्या माणसाची त्या दिवसाची उरलेली ड्यूटी दुसऱ्याने घ्यायची. व्यवस्थापनाने यावर सही करायला सात आठवडे लावले. वहीत आतापर्यंत चार नोंदी आहेत. पहिली फेब्रुवारीतल्या खांद्याची, ती मी तारीख टाकून मागाहून लिहिली, आणि त्या सिस्टरच्या एक्स-रेचे पैसे हॉस्पिटलकडून परत मिळवले.

नाईटच्या बारा जणांना दुपारचा वर्ग जमला नव्हता. त्यांच्यासाठी बाईंना परत बोलावलं आहे. रात्रीचं ओव्हर झाल्यावर साडेआठला वॉर्डातच बसायचं, स्लाईड नाही, असं ठरलं आहे. कानडीचे शब्द मामा शिकवणार आहेत.